पुढे न जाणारी गाठ

९ फेब्रुवारी

गडबडे,

पूर्वी तुला लिहायची वेळ आली की मी ‘चि. सौ.’ने सुरुवात करायचे. त्यातलं ‘सौ.’ तर उडालं, आणि ‘चि.’ लिहायचा हक्क माझ्याकडे राहिलाय की नाही ते कळेना. म्हणून टोपणनाव लिहिलं. ते मीच ठेवलेलं, तेव्हा घटस्फोटाच्या वाटणीत ते सासूकडे आलं असं धरून चालते.

तू घर सोडलंस तेव्हा म्हणाली होतीस, की आता काही वर्षं तरी या घरातलं कोणी नको. फोन नको, पत्र नको. मी ते पाळलं. रुसून नव्हे. सून म्हणून तू माझ्याकडून मागून घेतलेली ती पहिलीच गोष्ट होती, ती नाही कशी म्हणू. आज मोडतेय, कारण बाब बेडकीच्या संबंधातली आहे. घाबरू नकोस, तुझ्या लेकीचा ताबा कोणी मागायला येत नाहीये. मी हे पत्र लिहितेय हे माझ्या मुलाला माहीतसुद्धा नाही.

झालं असं, की माझ्या छातीत गाठ आलीये. डाव्या बाजूला, लिंबाच्या बीएवढी. मुलींचा सकाळचा पोहण्याचा वर्ग संपवून तलावावरच्या न्हाणीघरात साबण लावत होते, तेव्हा हाताला लागली. दुखत नाही, खुपत नाही. मी आपली गप्प बसणार होते, पण आमच्या न्हाणीघरात गुपित कधी टिकलंय? दुपारच्या वर्गातल्या बायकांनी मला अक्षरशः धरून दवाखान्यात नेलं. इतकी वर्षं त्यांच्यावर शिट्टी फुंकली, त्याचा सूड उगवला बघ.

सर्जन भला माणूस आहे. फोटो काढले, सुई घालून तुकडा घेतला. त्याने विचारलं, घराण्यात कोणाला होतं का? म्हटलं, माझ्या मावशीला, ती त्यातच गेली. मग विचारलं, तुम्हाला मुलगी? म्हटलं, नाही, एकच मुलगा. नात? तिथे मी अडखळले. म्हटलं, आहे एक, दहा वर्षांची, आईकडे असते. तो म्हणाला, तपासात काय निघतं बघू, पण गरज पडली तर तिच्या आईच्या कानावर घालावं लागेल.

तर ते मी आधीच घालून ठेवतेय. बहुतेक काही निघणार नाही. उत्तर दिलंच पाहिजेस असंही नाही. बेडकी अजून पाण्यात उतरते का, एवढं कळवलंस तर बरं वाटेल.

तलावावरची,
शिट्टीबाई

*

२४ फेब्रुवारी

गडबडे,

तुझं उत्तर एका श्वासात वाचून झालं. कामावर लिफ्ट तपासून झाल्यावर तू शेरा लिहितेस, तसंच आहे: नेमकं काय झालंय, आणि ते घराण्यातून येणारं आहे का. आवडलं मला. गळा काढून लिहिलं असतंस तर मी काय उत्तर देणार होते?

आधी एक दुरुस्ती. गाठ लिंबाच्या बीएवढी नाही, लिंबाएवढी आहे. तेव्हाही होती. मागच्या पत्रात लिंबू लिहायला हात वळेना.

दुसरं, कॅन्सरच आहे. घे, लिहून टाकलं.

पण जरा गंमत ऐक. पहिल्या तपासात सर्जनला वाटलं होतं, नेहमीचाच स्तनाचा कॅन्सर. त्याने शस्त्रक्रियेची तारीखसुद्धा दिली होती, सगळा भाग काढायचा ठरला होता. मी बॅग भरून ठेवली. एका बाजूने सपाट झालेली बाई पाण्यात सरळ जाईल की गोल गोल फिरत राहील, असा विनोदही न्हाणीघरात करून झाला. कोणी हसलं नाही. खरं म्हणजे मलाही हसू आलं नव्हतं. या वयात छातीचं काय कौतुक, असं तुला वाटेल. मलाही वाटायचं. पण घरी येऊन, कपाटातला पोहण्याचा पोशाख हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

मग तुकड्याचा पूर्ण निकाल आला आणि सर्जनने स्वतः बोलावून घेतलं. टेबलाच्या पलीकडची खुर्ची सोडून माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसला. म्हणाला, “बाई, मी तुमच्यावर शस्त्रक्रिया करणार नाही. गाठ माझ्या हद्दीत आहे, पण आजार माझा नाही.”

आजाराचं नाव लिम्फोमा. शरीरात पांढऱ्या पेशी असतात ना, रोगराईशी झुंजणाऱ्या, त्या बिघडल्या की होतो तो. एरवी मानेत, काखेत, पोटात गाठी येतात. माझ्या पेशींनी मुक्कामाला छाती निवडली. असं फार क्वचित होतं म्हणे; स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर बायकांत एखादीसुद्धा अशी निघत नाही. सर्जनने त्याच्या सगळ्या कारकिर्दीत दोघी पाहिल्या होत्या, मी तिसरी. असला नंबर कधी पोहण्याच्या शर्यतीत आला नाही मला.

यावर इलाज औषधांचा. कापायचं काही नाही. मावशीच्या दुखण्याशी याचा काही संबंध नाही असंही तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले, बाहेर आले, बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन कडी लावली आणि पोटभर रडले. कॅन्सर आहे म्हणून नव्हे, छाती राहणार म्हणून. हे तुला लिहू शकते. मुलाला कसं सांगणार?

आता मी रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरकडे जाते. तुझ्यापेक्षा लहान असेल, पायात सैनिकासारखे जाडजूड बूट घालते. ती म्हणाली, हाच आजार एकाचा सौम्य असतो, एकाचा चिवट. ते ओळखायला गाठीच्या पेशींच्या जनुकांमध्ये काय बिघाड झालेत ते पाहावं लागेल. जनुक हा शब्द ऐकला आणि माझे कान बंद झाले. जनुक म्हणजे आपल्याकडून पोराकडे जातं ते. माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून बेडकीकडे. पुढे ती काय बोलली ते एक अक्षर डोक्यात शिरलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. आणल्याशिवाय राहणार नाही.

शिट्टी

ता. क. बेडकी शाळेच्या संघात पोहते हे तू एका कोपऱ्यात लिहिलंस. तो कोपरा मी इतक्यांदा वाचलाय की कागद तिथे मऊ पडलाय.

*

१५ मार्च

गडबडे,

उत्तर आणलं. शेवटापर्यंत वाच, मधली ओळ गाळून पुढे उडी मारू नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे.

बुटांच्या डॉक्टरला मी म्हटलं, माझ्या पेशी कोण बघतंय त्याला मला भेटायचंय. ती म्हणाली, तिथे पेशंट जात नाहीत. म्हटलं, माझं काही तिथे आधीच गेलंय, बाकीची मीही जाऊन येते. तिला हसू आलं. तिने फोन केला.

प्रयोगशाळा तळघरात आहे. तिथला डॉक्टर माझ्या वयाचा, सर्दी झालेला, नाक पुसत पुसत बोलणारा. जिवंत पेशंट समोर आल्यामुळे तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. पण पडद्यावर चित्र लावलं आणि त्याची भीड चेपली.

काय सांगू तुला. काळ्या पडद्यावर निळे गोल, आणि प्रत्येकात रंगीत ठिपके, लाल आणि हिरवे. मी म्हटलं, हे सुंदर आहे. तो म्हणाला, हो, दुर्दैवाने.

त्याने समजावलं ते असं. एखादं जनुक शाबूत आहे का ते पाहायचं, तर त्याच्या एका टोकाला लाल रंग चिकटवतात, दुसऱ्याला हिरवा. शाबूत असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांना बिलगून दिसतात. मध्येच तुटून तुकडा भलतीकडे जाऊन बसला असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. प्रत्येक जनुक जोडीने असतं, म्हणून ठिपक्यांच्या जोड्याही दोन. त्याने तीन जनुकं तपासली होती. पहिल्याचे ठिपके बिलगलेले. दुसऱ्याचेही. तिसऱ्याची एक जोडी नीट होती आणि दुसरीतला लाल ठिपका पार कडेला गेलेला. “हे तुटलंय,” तो म्हणाला. मला उगाच वाईट वाटलं त्या ठिपक्याचं. पण एकच तुटलंय हे चांगलं. पहिलं आणि त्याच्या जोडीला आणखी एखादं तुटलं असतं तर आजार फार आडदांड झाला असता.

शिवाय आणखी एका जनुकात एक अक्षर बदललंय. तुटलेलं काही नाही, फक्त एका अक्षराच्या जागी दुसरं. तेवढ्याने काय होतं, तर पेशीला ‘वाढ, वाढ’ म्हणणारी घंटा एकदा वाजून बंद व्हायची, ती चालूच राहते. छातीतल्या अशा गाठींमध्ये हा बदल बऱ्याचदा सापडतो म्हणाला. त्यावरून औषधाचं काहीतरी ठरणार आहे, ते डॉक्टर सांगेल.

मग मी विचारलं. त्यासाठीच गेले होते. म्हटलं, “हे माझ्या नातीकडे गेलं असेल का?”

त्याने नाक पुसलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून बसला. माझ्या गालाच्या आतून कापसाने पुसून घेतलेल्या पेशीही त्याच्याकडे होत्या, निरोगी पेशी. त्यात त्याने हेच जनुक वाचून पाहिलं होतं. तिथे ते अक्षर जसं असायला हवं तसंच आहे. म्हणजे हा बिघाड माझ्याबरोबर जन्माला आलेला नाही. म्हातारपणाच्या वाटेवर कधीतरी एका पेशीत झाला, आणि तिच्या पिलावळीपुरता राहिला. तो म्हणाला, “तुम्ही हे मुलाला दिलेलं नाही. त्याने मुलीला दिलेलं नाही. ही गाठ तुमच्यापाशी सुरू झाली आणि पुढे जाणारी नाही.”

मी त्याला तेच परत बोलायला लावलं. तो बोलला. न कंटाळता.

तळघराच्या जिन्यावर बसले मग. लोक वरखाली जात होते, त्यांना पाय उचलून जावं लागत होतं. आजीने नातीला काही ना काही द्यावं अशी रीत असते, आणि मी तिथे बसून आनंदाने रडत होते, की माझ्याकडून तिला हे मिळणार नाही.

तर तुझ्या शेऱ्याच्या कागदावर लिही: घराण्यातून येणारं नाही. आता तुला माझ्याशी पत्रव्यवहार ठेवायचं काही कारण उरलं नाही. ठेवलास तर मात्र मी आडकाठी करणार नाही.

शिट्टी

*

१९ एप्रिल

गडबडे,

तुझं पत्र आलं, आणि या वेळी ते उलट्या बाजूवरही गेलंय. खाली बेडकीने काढलेलं चित्र आहे. पाण्यातली टकली बाई मीच असणार. तिला सांगितलंस तर, अशा औषधांनी केस जातात ते. खरंच गेले.

तू विचारतेस, सोबत कोण असतं. मुलगाच असतो. तो चष्म्याच्या दुकानातलं काम घरी आणतो, माझ्या खाटेशेजारी बसून काचा घासतो. बोलत नाही, तुला ठाऊक आहेच. केस गळायला लागले तेव्हा यंत्र घेऊन आला, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि एकही ओरखडा न काढता सगळं डोकं साफ केलं. काच घासताना जसा श्वास रोखतो, तसा रोखून. झाल्यावर हाताने डोकं पुसलं. मी म्हटलं, कशी दिसते? तो म्हणाला, गुळगुळीत. तेवढंच.

त्यालाही मी तुझं सांगितलं. लपवून लिहायचा मला कंटाळा आला होता. तो खिडकीपाशी गेला आणि गप्प झाला. मला वाटलं, आता आठवडाभराची निश्चिंती. तुझ्या वेळी असंच व्हायचं ना? भांडणसुद्धा करायचा नाही, नुसतं दार लावून घ्यायचा. पण दुसऱ्या दिवशी सूप गरम करता करता पाठमोराच म्हणाला, “तिने बेडकीबद्दल काही लिहिलं का?” मी चित्र दिलं. ते आता त्याच्या कामाच्या टेबलावर लावलंय.

औषधांचं म्हणशील, तर सलाइनमधून देतात. त्यातलं एक लालभडक असतं. ते घेतल्यावर लघवीसुद्धा लाल होते, आणि मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी अशी किंचाळले की शेजारच्या खोलीतून डॉक्टर धावत आली. तिने ते जाडे बूट का घातलेत ते तेव्हा कळलं. मधे थोडा ताप आला म्हणून इस्पितळाचा पाहुणचार घेतला.

नाही, असं नको. तू विचारलंयस तर नीट सांगते. ताप थोडा नव्हता. पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली होती. मुलगा काचेबाहेर उभा राहायचा. एकदा मला वाटलं, झालं. मग नाही झालं.

आणि त्या बदललेल्या एका अक्षराचं. डॉक्टर म्हणाली, ते अक्षर ज्यांच्यात बदललेलं असतं त्यांचा आजार पुढेमागे मेंदूकडे वळायचा धोका जास्त. वळेलच असं नाही, पण वाट पाहत बसायचं नाही. म्हणून नेहमीच्या औषधांवर आणखी एक, मेंदूपर्यंत पोचणारं, जोरात द्यायचंय. त्यासाठी भरती व्हावं लागेल. गडबडे, छातीची भीती मी विनोद करून घालवली होती. ही जात नाही. पोरींची नावं आठवत नाहीत तेव्हा पूर्वी मी हसायचे, आता दचकते. तुझा चेहरा, बेडकीचा चेहरा, बाळंतपणानंतर तुम्ही दोघी इथे पहिल्यांदा आलात तेव्हा ती तुझ्या कडेवर कशी झोपली होती, हे सगळं त्याच डोक्यात ठेवलंय ना मी. दुसरीकडे कुठे ठेवलेलं नाही.

हे मुलाला सांगितलं नाही. तू माझ्यापासून लांब आहेस म्हणून तुला सांगणं सोपं जातं.

शिट्टी

*

८ जून

माझ्या गडबडे,

तुम्हाला सोडून मुलगा स्टेशनवरून परत आला, आणि मी लिहायला बसले. तू इथेच तर होतीस, तुला काय सांगायचं? पण तुला दिसलं नाही ते सांगते.

तू दारावरची बेल वाजवलीस तेव्हा तो उठला, आरशात पाहिलं, परत बसला, परत उठला. मी खाटेवरून म्हटलं, अरे, दार उघड. उघडल्यावर तुम्ही दोघं बोलला नाहीत ते मला ऐकू आलं. मग तो म्हणाला, “ये. आई आत आहे.” गडबडे, त्या ‘आई’ला माझी किंवा तुझी असं काही लावलं नाही त्याने. लावायचं सुचलं नाही की मुद्दाम लावलं नाही, कोण जाणे.

बेडकी केवढी झालीये! दारातच थबकली. माझं डोकं बघून तुझ्यामागे जाईल असं वाटलं होतं. ती सरळ आली आणि विचारलं, हात लावू का? लावला. मग म्हणाली, पोहायला बरं पडेल, टोपी नको. ही पोर आपली आहे याला दुसरा कसला पुरावा नको मला.

त्या मेंदूच्या औषधासाठी भरती होते तेव्हा तू जो कामाला लागलीस, ते बघून वॉर्डातल्या नर्स बिचकल्या होत्या. औषध पिवळंजर्द, वर ढीगभर पाणी, आणि दर वेळी रंग बदलणाऱ्या पट्टीने लघवी तपासायची, तिच्यातलं आम्ल अमुक इतकं कमी असलं तरच पुढचं औषध. आयुष्यात माझ्या लघवीला एवढा मान कधी मिळाला नव्हता. आणि तू लिफ्टचे दोर मोजावेत तशी त्या पट्टीचा रंग खिडकीशी धरून बघायचीस. नर्सने विचारलं, या तुमच्या कोण? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, “मी यांच्याकडची.” ती म्हणाली, मुलगी का? तू म्हणालीस, तसंच. मी उशीत तोंड खुपसलं, उलटी आल्यासारखं केलं. आली नव्हती.

त्याच दुपारी तू सांगितलंस. किती वेळ नळी सरळ करत होतीस, ती सरळच होती. तू म्हणालीस, न सांगता माझ्या उशाशी बसणं तुला खोटं वाटतंय. कोणीतरी आहे. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवतो. बेडकीला आवडतो. या वर्षी लग्न करायचं म्हणताय.

मी गप्प राहिले ते तुला टोचलं असेल. रागाने नव्हते गप्प. त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम वाटल्या, आणि तोंड एकच आहे. एक म्हणजे, आत कुठेतरी मी खुळी आशा धरून होते, की आजारपणाच्या निमित्ताने तुमचं दोघांचं पुन्हा जुळेल. ती आशा तिथेच त्या पिवळ्या बाटलीखाली निमूट मेली. आणि दुसरी, की तुझा चेहरा. इतका निवांत चेहरा आमच्या घरात मी तुझा पाहिला नव्हता.

म्हणून विचारलं, “कसा आहे?”

तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, “बोलतो.”

बस. मला आणखी काही विचारायचं राहिलं नाही.

मुलाला तूच सांगितलंस ते बरं केलंस. तुम्ही जिन्यात बसला होतात, मी बेडकीबरोबर पत्ते खेळत होते आणि ती मला बिनदिक्कत फसवत होती. काय बोललात ते ऐकलं नाही. पण तू वर आलीस, तो आला नाही. बऱ्याच वेळाने आला, बेडकीच्या पोहण्याच्या चष्म्याची सैल झालेली पट्टी नीट करून दिली. आज स्टेशनवरून आला तो माझ्याजवळ बसला आणि आपणहून बोलला. म्हणाला, तिला त्याच्या तोंडून हवं होतं ते तो तिला कधी देऊ शकला नाही. वाईट होता म्हणून नव्हे, त्याला येतच नव्हतं. आता कुणी देतंय तर त्याला राग येत नाही, फक्त लाज वाटते. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी त्याच्या जन्मापासून ऐकलं नव्हतं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला निदान केस आहेत.

आणखी औषधं बाकी आहेत. तू परत यायला हवंस असं नाही. पण ये.

शिट्टी

*

२१ सप्टेंबर

चि. गडबडे,

चि. लिहिलंय. हक्काचं बघून घेऊ.

आधी बातमी. सगळ्या शरीराचा फोटो काढला, डाव्या छातीपासून डोक्यापर्यंत, आणि आजार असला की त्यात पेटल्यासारखं दिसतं म्हणे, तसं कुठे काही दिसत नाही. बुटांच्या डॉक्टरला मी विचारलं, म्हणजे बरी झाले का? ती म्हणाली, म्हणजे आज काही नाही. पुढची काही वर्षं ती माझ्यावर डोळा ठेवणार आहे. ठेवू दे. आजच्यापुरतं ‘काही नाही’ मला पुरतं. तिचा तो शब्द ऐकल्यावर मुलगा उठून तिच्याशी हस्तांदोलन करायला गेला आणि खुर्ची पाडली.

काल तलावावर गेले. उथळ भागात, बारक्या पोरांमध्ये. दंडात जोर नाही, चार हात मारले की धाप लागते. पण पाण्याने ओळख दिली. काठावर दुपारच्या वर्गातल्या बायका रांगेत उभ्या राहून मला सूचना देत होत्या, पाय ताठ, मान खाली. मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. लग्न पुढच्या महिन्यात, नोंदणी कचेरीत, मोजकी माणसं, नंतर कुठेतरी जेवण. हे सगळं लिहून तू पुढे लिहिलंयस, की तुम्हाला बोलवावं असं फार वाटतं, पण तुम्हाला अवघड होईल, लोक विचारतील या कोण, आणि तुमच्या मुलालाही घरी वाईट वाटेल, तेव्हा नाही आलात तरी मी समजून घेईन. तू समजून घ्यायला बसलीस की मला धडकी भरते.

मी ते पत्र मुलाला वाचायला दिलं. त्याने वाचलं, घडी घातली, आणि गप्प झाला. मी थांबले. हल्ली मी थांबते, हल्ली पुढे काहीतरी येतं. आलं. म्हणाला, “जा. माझ्या वतीने नको, तुझ्या वतीने जा.” आणि मग म्हणाला, जुन्या चष्म्याने तुला लांबचं नीट दिसत नाही, नवीन करून देतो, तिथे सगळं नीट दिसलं पाहिजे. तो आत्ता शेजारच्या खोलीत काचा घासतोय. मधूनमधून थांबतो. मी हाक मारत नाही. घासू दे.

तर मी येतेय. डोक्यावर बोटभर केस आलेत, करडे आणि कुरळे, पूर्वी कधी कुरळे नव्हते. टोपी घालणार नाही. सुतारमास्तरांना म्हणावं, माझ्याशी बोलायची तयारी ठेवा, मी एका बोलणाऱ्या माणसावर भागवणारी नाही. बेडकीला म्हणावं, माझ्या शेजारची जागा धरून ठेव.

आणि लोकांची काळजी करू नकोस. कोणी विचारलंच, आजी, तुम्ही कुणाकडच्या, तर माझं उत्तर तयार आहे. मी मुलीकडची.

तुझी,
आई